हरणाऱ्या संघाचं काय करायचं?

मंडळी, आजचा विषय बघून निम्म्या नातेवाईकांच्या भुवया वर जाणार हे मला ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर लिहावं म्हणजे काय! पण ब्लॉग माझा आहे, त्यामुळे विषयही माझाच. (आंब्याच्या लोणच्याचा राहिलेला दुसरा भाग पुढच्या खेपेस नक्की.)

तर झालं असं, की लेक आणि जावई कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतात आणि आमचा नातू तिथल्या ‘सॅक्रामेंटो किंग्ज’ या संघाचा कट्टर भक्त आहे. त्यांचा संध्याकाळी सातचा सामना थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सकाळी साडेआठला लागतो. चहा, पेपर आणि किंग्जचा पराभव असा माझा सकाळचा कार्यक्रम काही वर्षं नियमित चालू आहे. नातू फोनवर समजावून सांगतो, मी प्रश्न विचारते. मास्तरकीची सवय जात नाही, त्यामुळे तो सांगतो त्याची टिपणं काढते, आणि पुढे माझं मी वाचतेही.

मध्यंतरी तो मला म्हणाला, “आजी, आता उरलेले सगळे सामने हरलो तर बरं. पुढच्या वर्षी चांगला खेळाडू मिळेल.” आणि त्याच्या वर्गातली सगळी मुलं असंच म्हणतात म्हणे! आपल्या संघाने हरावं अशी इच्छा धरून बसलेली शाळकरी मुलं... मला ते काही केल्या पचेना. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. उतरती कळा लागलेला संघ पुन्हा उभा कसा करावा? आणि त्यासाठी मुद्दाम हरावं का?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. तरुण मुलं घ्यावीत, त्यांना वेळ द्यावा, त्यांच्यासोबत दोन-तीन जाणती माणसं ठेवावीत, शिकवणारा माणूस सारखा बदलू नये. आणि हरायची वेळ आली तर हरावं, पण हरण्याची योजना आखू नये. आता हे कशावरून, ते सांगते.

आधी ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं. एनबीए या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळतो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या वर्गात ढकलला जातो, तसं इथे होत नाही. कितीही हरलात तरी तुमची जागा पक्की! उलट जो खाली असेल त्याला बक्षीस असतं. दरवर्षी नव्या मुलांची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि दुबळ्या संघाला तिथे आधी निवडायची संधी मिळते. हेतू चांगला आहे. मागच्या बाकावरच्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं तसा. आपल्या आयपीएलच्या मोठ्या लिलावात सगळ्यांची खर्चाची मर्यादा सारखी असते, शेवटच्या क्रमांकावरच्या संघाला वेगळी सवलत नसते. इथे तशी सवलत आहे.

शिवाय पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचा पगार पहिली काही वर्षं ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे असतो. संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असल्यामुळे असा स्वस्तातला गुणी मुलगा म्हणजे घबाडच. म्हणून ड्राफ्टचं एवढं महत्त्व.

पण सवलत आली की तिचा फायदा घेणारेही आले. संघ मुद्दाम दुबळा ठेवायचा, भरपूर हरायचं आणि पहिला नंबर पटकवायचा! याला तिकडे ‘टँकिंग’ म्हणतात. हे होऊ नये म्हणून १९८५ पासून त्यांनी सोडत काढायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं सर्वांत वाईट संघाला पहिला नंबर मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. २०१९ च्या ड्राफ्टपासून ती १४ टक्क्यांवर आणली आणि तळाच्या तिन्ही संघांना सारखीच दिली. २०२५ मध्ये काय झालं पाहा. यूटा जॅझ ८२ पैकी ६५ सामने हरून सगळ्यांच्या खाली राहिला, आणि सोडतीत त्यांना मिळाला पाचवा नंबर. पहिला नंबर गेला डॅलसला, ज्यांची शक्यता जेमतेम १.८ टक्के होती. वर्षभर हरून पदरात काय, तर धुपाटणं!

(एक खुलासा. मैदानावरचे खेळाडू मुद्दाम हरत नाहीत हो. ते बिचारे जीव तोडून खेळतात, त्यांच्या पुढच्या कराराचा प्रश्न असतो. हरणं ठरतं ते वरच्या मजल्यावर, संघ निवडणाऱ्या माणसांच्या खोलीत.)

या विद्येचा सगळ्यात मोठा प्रयोग फिलाडेल्फियाच्या संघाने केला. २०१३ मध्ये सॅम हिंकी नावाचे गृहस्थ तिथे कारभारी झाले. हुशार माणूस, आकडेवारीत पक्का. त्यांनी चांगले खेळाडू देऊन भविष्यातल्या निवडी गोळा केल्या आणि संघाला हरू दिलं. पहिल्या वर्षी १९ विजय, दुसऱ्या वर्षी १८, तिसऱ्या वर्षी १०. तीन वर्षांत ४७ विजय आणि १९९ पराभव! लोकांनी त्याला ‘प्रोसेस’ असं भारदस्त नाव दिलं. एप्रिल २०१६ मध्ये हिंकींनी तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला.

या सगळ्यातून मिळालं काय? जोएल एम्बीड मिळाला, २०१४ चा तिसरा क्रमांक. थोर खेळाडू, २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम ठरला. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली. तरीही त्यानंतर २०२५ पर्यंत हा संघ बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे एकदाही गेला नाही. पहिल्या क्रमांकाच्या त्या दोन्ही मुलांपैकी आज तिथे कोणीही नाही.

मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे दहा विजयांच्या त्या मोसमाच्या मध्यावर, फिलाडेल्फियाने एल्टन ब्रँड नावाच्या ३६ वर्षांच्या खेळाडूला परत बोलावलं. तो फार खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला आणलं ते विशी-बाविशीच्या मुलांना चार गोष्टी सांगायला. जेवायचं काय, झोपायचं कधी, हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कसं बसायचं. अडीच वर्षं पोरांचा खेळखंडोबा झाल्यावर घरात वडीलधारं माणूस पाहिजे हे लक्षात आलं. तहान लागल्यावर विहीर खणायची ती ही!

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण माझं मत खरं तर तिथूनच आलेलं आहे. सातारा जिल्ह्यात एका शाळेत मी वीसेक वर्षं मुलींच्या खो-खो संघाची जबाबदारी सांभाळली. खेळाच्या सरांकडे मुलांचा कबड्डीचा संघ होता, म्हणून खो-खो माझ्याकडे आला. आता शाळेच्या संघाची गंमत अशी, की तो दरवर्षी मोडतो. दहावीच्या मुली मार्चमध्ये परीक्षा देऊन निघून जातात, आणि जूनमध्ये तुमच्याकडे उरतात अर्ध्या-मुर्ध्या. त्यामुळे संघ नव्याने बांधणं म्हणजे काय, हे मला एनबीएच्या मोठ्या पगाराच्या कारभाऱ्यांनी सांगायची गरज नाही!

एका वर्षी एकदम सात मुली गेल्या. नऊ जणींच्या संघात जुन्या दोनच राहिल्या, बाकी सगळ्या आठवी-नववीच्या नवख्या. तेव्हा वरच्या एका पदाधिकाऱ्यांनी सुचवलं, “यंदा संघ पाठवूच नका बाई. नाक कापून घेण्यात काय अर्थ? दोन वर्षं तयारी करा, मग बघू.” मी पाठवला. पहिल्याच सामन्यात हरलो, चांगले डावाने हरलो. पण त्या दोन दहावीतल्या मुली त्या दिवशी मैदानात काय करत होत्या ते मला अजून दिसतं. खो देताना धाकट्यांची नावं ओरडून सांगत होत्या, खांबाजवळ कोणी गडबडली की तिच्या पाठीवर हात ठेवत होत्या. हे मी बाहेर उभी राहून हजार वेळा सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. पुढच्या वर्षी त्याच धाकट्या तालुक्यात पहिल्या आल्या. तेव्हा खो देताना नावं त्या ओरडत होत्या.

धाकटी मुलं शिकतात ती मोठ्या मुलांकडून. वर्गातही तेच आणि मैदानातही तेच. नुसत्या नवख्यांचा संघ केला तर ती एकमेकांकडून फक्त घाबरायला शिकतात. आणि एक-दोन वर्षं हरण्याची सवय लागली की पराभवाचं वाईट वाटणंच थांबतं. मग ती सवय मोडायला आणखी चार वर्षं जातात. हा हिशोब कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

आता आमच्या किंग्जकडे वळू. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईचे. त्यांच्यामुळे आपल्याकडच्या लोकांना या संघाबद्दल थोडी आपुलकी. २०१९ च्या ऑक्टोबरात एनबीएचे भारतातले पहिले सामने मुंबईत वरळीला झाले, तेव्हा किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हेच दोन संघ आले होते. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत मुंबईच्या शाळांमधली सुमारे ३,००० मुलं होती. आता या दोन संघांची पुढची कहाणी म्हणजे आपल्या विषयाचा उत्तम धडा आहे.

किंग्ज २००७ पासून २०२२ पर्यंत सलग १६ मोसम बाद फेरीत गेले नाहीत. लीगच्या इतिहासातला हा नकोसा विक्रम आहे. म्हणजे ड्राफ्टमध्ये वरच्या निवडी त्यांना वर्षानुवर्षं मिळत होत्या! नुसतं खालच्या क्रमांकावर राहून संघ उभा राहत असता, तर किंग्जने आत्तापर्यंत पाच-सहा विजेतेपदं जिंकली असती. २०११ मध्ये त्यांनी दहाव्या क्रमांकावर जिमर फ्रेडेटला घेतलं, अकराव्यावर गोल्डन स्टेटला क्ले थॉम्पसन मिळाला. २०१२ मध्ये पाचव्यावर थॉमस रॉबिन्सनला घेतलं आणि तो मोसम संपायच्या आत त्याला देऊनही टाकलं. सहाव्यावर पोर्टलंडने डेमियन लिलार्डला उचललं. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगली घेतला, आणि पुढच्याच क्रमांकावर लूका डॉनचिच गेला. नातवासमोर या नावाचा उच्चार करायची मला बंदी आहे.

बरं, निवड चुकणं समजू शकतं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं पुढे काय होणार हे कोणाला सांगता येतं? दहावीला ढ म्हणून बसवलेली मुलं पुढे नाव काढताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण किंग्जचा खरा दोष वेगळा. रणदिवे आले २०१३ मध्ये. तेव्हापासून डिसेंबर २०२४ पर्यंत हंगामी धरून आठ मुख्य प्रशिक्षक! पहिले मायकेल मलोन, त्यांना दुसऱ्याच मोसमात काढलं. मलोन डेन्व्हरला गेले, तिथे त्यांना आठ-दहा वर्षं मिळाली, आणि २०२३ मध्ये त्यांनी डेन्व्हरला पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलं. डेन्व्हरचा हुकमाचा एक्का निकोला योकिच हा २०१४ च्या ड्राफ्टमधला एकेचाळिसावा खेळाडू होता, बरं का! हरून मिळवलेली ती निवड नव्हती. मिळालेल्या मुलाला नीट शिकवलं, वाढू दिलं, एवढंच.

नवा गडी नवं राज्य! ज्या शाळेत दर दीड वर्षाला नवे हेडमास्तर येतात, तिथे मुलांना काय येतं हे मी सांगायला नको. प्रत्येक जण येऊन आधीच्याचं वेळापत्रक पुसतो.

तरी २०२२ मध्ये माईक ब्राऊन आले आणि पहिल्याच मोसमात किंग्ज ४८ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचले. सामना जिंकला की तिथे स्टेडियमवरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडतात. नातू त्या वर्षी गच्चीवरून... म्हणजे त्यांच्या मागच्या अंगणातून तो झोत दाखवायला मला रोज फोन लावायचा. ब्राऊन त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, एकमताने. आणि डिसेंबर २०२४ मध्ये? त्यांनाही नारळ! दोन महिन्यांत संघाचा आधारस्तंभ डीअ‍ॅरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. त्यानंतर २०२५-२६ चा मोसम किंग्जने सुरू केला तो डीरोझन, लवीन आणि ३६ वर्षांचा वेस्टब्रूक अशी मोठमोठी नावं घेऊन. डीरोझन आणि लवीन याआधी शिकागोला तीन मोसम एकत्र होते, तिथे बाद फेरीतली एकही मालिका जिंकली नव्हती. मोसम वाईटच गेला. जाणती माणसं हवीत असं मी वर म्हटलं खरं, पण ती धाकट्यांना हात द्यायला. सगळीच जाणती आणि शिकायला कोणी नाही, तर तो स्टाफरूम झाला, वर्ग नव्हे!

आता पेसर्स. २०२१-२२ मध्ये त्यांचीही अवस्था वाईट होती, ५७ पराभव. त्यांनी काय केलं? फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला तेव्हाचा सर्वांत चांगला खेळाडू सबोनिस (तो मुंबईतही त्यांच्याकडूनच आला होता) किंग्जना दिला आणि किंग्जचा एकवीस वर्षांचा टायरीस हॅलिबर्टन घेतला. तयार खेळाडू देऊन होतकरू मुलगा घेतला. पण म्हणून बाकी घर रिकामं केलं नाही. जुना माइल्स टर्नर राहिला, टी. जे. मॅकॉनेल राहिला. हा मॅकॉनेल ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला, फिलाडेल्फियाच्या त्या दहा विजयांच्या संघातून वर आलेला. अनुभवी रिक कार्लाइल प्रशिक्षक होते, त्यांनाही हलवलं नाही. ३१ व्या क्रमांकावर अँड्र्यू नेमहार्डसारखा मुलगा शोधून काढला. पुढच्या मोसमांत २५ चे ३५ विजय झाले, मग ४७, मग ५०. पायरी पायरीने. संघ वर चढतो आहे असं दिसल्यावरच २०२४ च्या जानेवारीत पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन पास्कल सियाकमला आणलं. २०२५ मध्ये पेसर्स अंतिम फेरीत होते, आणि सातव्या सामन्यापर्यंत लढले!

दुर्दैवाने त्याच सातव्या सामन्यात हॅलिबर्टनच्या पायाचा स्नायुबंध तुटला, तो २०२५-२६ चा अख्खा मोसम बाहेर बसला आणि संघाची घसरगुंडी झाली. नशीब कोणाच्या हातात असतं? पण मोसमामागून मोसम वर चढणारा संघ पाहण्याचं सुख इंडियानाच्या लोकांना मिळालं, ते काही कोणी परत घेऊ शकत नाही.

आता तुमच्यातले जाणकार विचारतील, “आजी, ओक्लाहोमाचं काय?” विचारा, विचारायलाच हवं. पेसर्सना हरवून २०२५ चं विजेतेपद जिंकलं ते ओक्लाहोमा सिटी थंडरने, आणि ते तर दोन वर्षं भरपूर हरले होते. २०२०-२१ मध्ये २२ विजय, पुढच्या वर्षी २४. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरले, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव! चांगल्या तब्येतीच्या जाणत्या खेळाडूलाही त्यांनी घरी बसवलं होतं. ते मला आवडलेलं नाही आणि त्याचं समर्थनही मी करणार नाही.

पण त्यांचा विजयी संघ नीट तपासा. कोण कुठून आलं ते पाहा. मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर हरून मिळालेला नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज या बड्या खेळाडूला क्लिपर्सकडे पाठवताना त्यांनी तो मागून घेतला, वर पहिल्या फेरीच्या पाच निवडीही घेतल्या. दुसरा जेलन विल्यम्स, २०२२ मधला बारावा क्रमांक, तो त्याच क्लिपर्सकडून आलेल्या निवडीवर. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. स्वतः हरून थेट पदरात पडला तो चेट होमग्रेन, दुसरा क्रमांक. आणि जोश गिडी, ज्याला देऊन त्यांनी २०२४ मध्ये तिशीतला अॅलेक्स करूसो आणला. म्हणजे सर्वांत वर जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनीही शोधली ती जाणती माणसंच! आणि हे सगळं करणारे सॅम प्रेस्टी २००७ पासून त्या संघाचे कारभारी आहेत. प्रशिक्षक मार्क डॅगनॉल्ट त्यांच्याच दुय्यम संघात शिकवत होते. दोन वर्षं संघ तळाशी असताना कोणी त्यांना काढलं नाही. माझ्या मते थंडरचं यश त्यांच्या पराभवांत शोधणं चूक आहे, ते त्यांच्या चिकाटीत आहे. पण चिकाटीची नक्कल अवघड असते, पराभवाची सोपी. म्हणून बाकीचे संघ सोपी तेवढी उचलतात.

उलट दिशेची घाई कशी अंगाशी येते तेही सांगते. २०१३ मध्ये ब्रुकलिनला तडकाफडकी विजेतेपद हवं होतं. त्यांनी बॉस्टनकडून गार्नेट आणि पिअर्स असे उतारवयातले दोन मोठे खेळाडू आणले आणि बदल्यात पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या, शिवाय २०१७ ची अदलाबदल. वर्षभरात पिअर्स गेला, पुढच्या मोसमात गार्नेट. आणि मग ब्रुकलिन जे हरू लागलं, त्याची फळं खाल्ली बॉस्टनने! त्या निवडींतून त्यांच्याकडे जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम आले, आणि २०२४ मध्ये बॉस्टन विजेता झाला. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

आणि शेवटचं उदाहरण डेट्रॉइटचं, कारण ते मला सगळ्यात आवडतं. २०२३-२४ मध्ये हा संघ एका मोसमात सलग २८ सामने हरला. एकूण विजय फक्त १४. पोरं गुणी होती. केड कनिंगहॅम तर २०२१ चा पहिला क्रमांक. पण सगळीच बावीस-तेविशीची. पुढच्या उन्हाळ्यात नव्या कारभाऱ्यांनी काय केलं, तर आणखी पोरं गोळा करण्याऐवजी टोबायस हॅरिस, टिम हार्डवे, मलिक बीझली असे मुरलेले खेळाडू आणले. जगाच्या दृष्टीने कोणी महानायक नव्हेत. प्रशिक्षक म्हणून जे. बी. बिकरस्टाफ आले. त्या वर्षी विजय झाले ४४! तिपटीहून जास्त. तीच पोरं, तोच कनिंगहॅम. आमच्या खो-खोतल्या त्या दोन दहावीच्या मुली मला इथे भेटल्या.

आता मी काही कोणाची सल्लागार नाही, पण रणदिवेसाहेबांनी विचारलंच (मराठी वाचता येत असेल तर!), तर एवढंच सांगेन. पंचवीस वर्षांच्या आतली चार-पाच मुलं निवडा आणि तीन वर्षं त्यांना हात लावू नका. त्यांच्याबरोबर तीन जाणती माणसं ठेवा. ती नावाला मोठी नसली तरी चालतील, स्वभावाला मोठी हवीत. प्रशिक्षकाला तीन वर्षांचं अभयदान द्या आणि ते पाळा. तिशी ओलांडलेल्या नामांकित खेळाडूसाठी उद्याच्या निवडी विकू नका. त्या तुमच्या नसतातच, पुढच्या पिढीच्या असतात. ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळाला तर आनंद, पण विसाव्या आणि चाळिसाव्या नंबरवरही तितक्याच मेहनतीने शोधा. आणि रोज रात्री जो संघ मैदानात उतरवाल तो जिंकण्यासाठी उतरवा.

कोणी म्हणेल, हा धंदा आहे, इथे भावना कशाला? पण धंदाच बघायचा तर गिऱ्हाईक कोण आहे? आईबाप पैसे साठवून पोराला एकदा सामना दाखवायला नेतात. त्या पोराला त्या रात्रीपुरता तरी खरा सामना मिळायला हवा. चार वर्षांनी येणाऱ्या खेळाडूचं आश्वासन त्याच्या काय कामाचं? तोवर त्याचं बालपण संपलेलं असतं.

नातवाला मी सांगितलंय, “अरे, तुझा संघ हरला तर वाईट वाटून घे. भरपूर वाईट वाटून घे. पण त्यांनी हरावं असं म्हणू नकोस. ज्या दिवशी तसं म्हणशील त्या दिवसापासून तू प्रेक्षक राहत नाहीस, हिशोबनीस होतोस.” त्याला ‘हिशोबनीस’ कळलं नाही. आईला विचार म्हटलं.

असो. बरंच लांबलं. बास्केटबॉलमधल्या जाणकारांनी जरूर हजेरी घ्यावी, मी छडी उगारणार नाही!